थायलंडमध्ये भाड्याची स्कूटर: आरटीओच्या पुस्तिकेपासून पोलिसांच्या नाक्यापर्यंत

फुकेत, पट्टाया, को सामुई, चियांग माई यांपैकी कुठेही उतरलात तरी हॉटेलच्या दारातच २०० ते ३५० बाथ रोजाने १२५ सीसीची स्कूटर मिळते. दुकानदार लायसन्स विचारत नाही. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. मग माणूस निर्धास्त होतो, आणि दोन दिवसांत नाक्यावर अडकतो.

नाक्यावरचा दंड हा यातला सगळ्यात लहान खर्च आहे. पोलीस दंड घेऊन सोडतात. अपघात झाला तर विमा कंपनी सोडत नाही. ती तोच कागद, म्हणजे आंतरराष्ट्रीय परवाना, मागते जो पोलिसाने मागितला होता, आणि तो कागद थायलंडमध्ये बसून मिळत नाही. म्हणून या कामाचा क्रम महत्त्वाचा आहे आणि त्यातले निम्मे काम घर सोडण्याआधीचे आहे.

टप्पा १: स्वतःचे लायसन्स नीट वाचा

परवान्याच्या कार्डावर वाहनांचे वर्ग छापलेले असतात. ते आज, आत्ता पाहा.

- 'एमसीडब्ल्यूजी' म्हणजे गिअरची दुचाकी.
- 'एमसीडब्ल्यूओजी' म्हणजे बिनगिअरची.
- 'एलएमव्ही' म्हणजे चारचाकी.

नुसते 'एलएमव्ही' असेल तर थायलंडमध्ये स्कूटर चालवायचा विचार सोडा, किंवा आधी इथे दुचाकीचा वर्ग जोडून घ्या. गावात वीस वर्षे बुलेट चालवली, पण परवान्यावर फक्त मोटार, अशी मंडळी कमी नाहीत. 'बिनगिअर' एवढेच असेल तर तिकडे ऑटोमॅटिक स्कूटरच घ्या. होंडा वेव्हसारखी पायाने गिअर टाकायची गाडी घेऊ नका.

कार्ड हातात आहे तोवर नावही पासपोर्टशी जुळवून पाहा. एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचे नाव गायब. लायसन्स माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. हे घोळ महाराष्ट्रात घरोघरी आहेत. नाक्यावर ते बहुधा खपून जातात, विम्याच्या दाव्यात मात्र यावरून पत्रव्यवहार लांबतो. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे तिकीट काढायच्या आठवड्यातच पाहायचे.

टप्पा २: आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजेच आयडीपी

भारत १९४९च्या जिनिव्हा करारानुसार आयडीपी देतो आणि थायलंड हा करार मानतो. त्यामुळे आपली आयडीपीची पुस्तिका तिथे चालते. ती मूळ लायसन्सचे भाषांतर असल्यासारखी आहे. एकटीला किंमत नाही. दोन्ही सोबत हवेत.

१. 'सारथी परिवहन' पोर्टलवर महाराष्ट्र निवडा, लायसन्सच्या सेवांमध्ये जा, लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख भरून आयडीपीचा पर्याय घ्या. अर्जाचा नमुना '४ ए', शुल्क १,००० रुपये.

२. पासपोर्ट आणि लायसन्सच्या प्रती जोडा. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि व्हिसाची अट केंद्राने २०२१मध्ये काढली आहे, तरी एखाद्या खिडकीवर जुनी यादी पुढे केली जाते. विमान तिकिटाची प्रत जवळ असू द्या, एक हेलपाटा वाचतो.

३. अर्ज निघायच्या किमान तीन आठवडे आधी करा. पुस्तिका साधारण एक वर्ष चालते. लायसन्सची मुदत त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच.

४. पुस्तिका हातात आली की आरटीओच्या आवारातच उघडा. फोटो असलेल्या पानावर ए, बी, सी, डी, ई अशा पाच वर्गांच्या जागा असतात. दुचाकीचा वर्ग 'ए' आहे. त्यासमोर शिक्का आहे का, एवढेच पाहायचे आहे.

*तपासा:* शिक्का फक्त 'बी'समोर असेल तर तुमच्याकडे थायलंडमध्ये मोटार चालवायचा परवाना आहे, स्कूटरचा नाही. लायसन्सवर दोन्ही वर्ग असूनही शिक्का एकाच ठिकाणी पडल्याचे लोकांना तिकडे गेल्यावर कळते. तिथून काहीही करता येत नाही. खिडकी समोर आहे तोवर दुरुस्त करून घ्या.

*सावधान:* 'आंतरराष्ट्रीय लायसन्स दोन तासांत ईमेलने' अशा जाहिरातींतून मिळणाऱ्या रंगीत कार्डाला नाक्यावर आणि विमा कंपनीत दोन्हीकडे शून्य किंमत आहे. डिजिलॉकरमधले लायसन्सही परदेशात दाखवायच्या कामाचे नाही. मूळ कार्ड खिशात हवे.

इथेच एक आडवळण घेतो, कारण थायलंड झाले की लोक त्याच पुस्तिकेवर व्हिएतनामला निघतात. व्हिएतनाम १९६८च्या व्हिएन्ना करारातला देश आहे. तिथे त्याच कराराची पुस्तिका लागते, आपली १९४९ची चालत नाही. उत्तर व्हिएतनाममधल्या 'हा जियांग'च्या घाटात फिरायचे असेल तर स्थानिक चालकाच्या मागे बसून फिरा. दुकानदार 'नो प्रॉब्लेम' म्हणेलच. प्रॉब्लेम त्याचा नसतो.

टप्पा ३: विमा कंपनीला लेखी विचारा

प्रवास विमा घेताना 'दुचाकी कव्हर आहे का' असे फोनवर विचारून उपयोग नाही. एजंट हो म्हणतो आणि विसरतो. पॉलिसी घेण्याआधी कंपनीला ईमेल करा आणि त्यात एवढेच चार प्रश्न घाला:

- भाड्याच्या दुचाकीवर, मी स्वतः चालवत असताना अपघात झाला तर उपचाराचा खर्च मिळेल का?
- इंजिनच्या सीसीची मर्यादा आहे का?
- भारतीय लायसन्स आणि 'ए' शिक्क्याचा आयडीपी पुरेसा आहे का?
- मागे बसलेल्या व्यक्तीला तिच्या पॉलिसीतून संरक्षण आहे का?

उत्तर आले की ते जपून ठेवा आणि त्याची छापील प्रत कागदपत्रांच्या पाकिटात टाका.

थायलंडमध्ये प्रत्येक गाडीला सक्तीचा विमा असतो, त्याला तिथे 'फॉ-रॉ-बॉ' म्हणतात. भाड्याच्या स्कूटरला बहुतेक वेळा एवढाच विमा असतो. तो फक्त माणसांच्या इजेसाठी आहे. उपचारासाठी माणशी जास्तीत जास्त ८०,००० बाथ. खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता विभागाचे दोन दिवस झाले की ही रक्कम संपते. स्कूटरचे नुकसान, समोरच्या मोटारीचे नुकसान यातून एक बाथही मिळत नाही. 'विथ इन्शुरन्स' ही पाटी वाचताना हे डोक्यात असू द्या.

टप्पा ४: गाडी ताब्यात घेणे

पहिला वाद अनामतीचा. दुकानदार पासपोर्ट ठेवून घ्यायला बघतो. देऊ नका. पासपोर्ट त्याच्या खणात असला की परत करताना तो ज्या ओरखड्याचे पैसे सांगेल ते तुम्हाला द्यावेच लागतात. दुसऱ्या दिवशीचे विमान त्यालाही ठाऊक असते. शिवाय परदेशी माणसाकडे पासपोर्ट मागण्याचा अधिकार पोलिसांना आहे. रोख ३,००० ते ५,००० बाथ अनामत आणि पासपोर्टची झेरॉक्स यावर देणारी दुकाने प्रत्येक पर्यटनगावात सापडतात. एक नाही म्हणाला तर पुढचे बघा.

मग गाडी. घाई करू नका, पंधरा मिनिटे द्या.

१. नंबर प्लेट. नसेल किंवा लाल, तात्पुरती असेल तर दुसरी गाडी मागा.

२. कराचा चौकोनी कागद. बहुधा प्लेटजवळ किंवा सीटखाली असतो. त्यावर मोठ्या आकड्यांत वर्ष असते, ते बौद्ध सनात. आपल्या सनात ५४३ मिळवा: २०२६ म्हणजे २५६९. 'हे वर्ष पाचशे वर्षांनी येणार आहे' म्हणून लोक निवांत होतात आणि मुदत संपलेली गाडी घेऊन निघतात. महिनाही पाहा.

३. नोंदणी पुस्तिकेची झेरॉक्स सीटखाली आहे का ते बघा. तीवरचा क्रमांक प्लेटशी जुळवा.

४. ब्रेक, टायर, दिवे. पुढचा ब्रेक दाबून गाडी ढकला, हलायला नको. टायरच्या खाचा मधोमध गुळगुळीत झाल्या असतील तर पावसात ती गाडी घाटात नेऊ नका. हेडलाइट, ब्रेकलाइट, चारही इंडिकेटर, हॉर्न. थायलंडमध्ये दुचाकीचा हेडलाइट दिवसाही चालू ठेवायचा असतो.

५. व्हिडिओ. दुकानाच्या पाटीपासून सुरू करा, थेट न थांबता गाडीभोवती एक फेरी मारा. आरशांच्या मागच्या बाजू, सायलेन्सरचे कव्हर, फुटबोर्डची खालची कड, ब्रेक लिव्हरची टोके. पैसे मागितले जातात ते याच जागांचे. शेवटी किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा.

६. करार. थाई भाषेतल्या कागदावर सही करताना इंग्रजी प्रत मागा, निदान अनामतीचा आकडा आणि परतीची वेळ हाताने लिहून घ्या.

हेल्मेटचे वेगळे सांगायला हवे. दुकानाचे हेल्मेट अर्धे, सैल आणि पट्ट्याचे बक्कल तुटलेले असते. थायलंडमध्ये पट्टा न लावलेले हेल्मेट म्हणजे हेल्मेट नाही, आपल्याकडे 'पोलीस दिसला की डोक्यावर' करतो तसे तिथे भागत नाही. मागच्यालाही ते सक्तीचे आहे, आणि मागच्याच्या डोक्यावर नसेल तर चालवणाऱ्याचा दंड दुप्पट होतो. सप्टेंबर २०२२पासून हेल्मेटच्या दंडाची कमाल मर्यादा २,००० बाथ आहे. फिरण्याचा बेत तीन दिवसांहून मोठा असेल तर घरचे फुल-फेस हेल्मेट घेऊन जा.

टप्पा ५: रस्त्यावर आपल्या सवयी बदला

डावी बाजू तीच, म्हणून हात सैल सुटतो. नेमक्या या ठिकाणी आपली माणसे पकडली जातात:

- लाल दिव्याला डावीकडे वळणे. तशी पाटी असेल तरच. पाटी नसेल तर थांबा, मागचा हॉर्न वाजवत असला तरी. सिग्नल तोडल्याचा दंड ४,००० बाथपर्यंत आहे.
- झेब्रा क्रॉसिंग. पादचारी पट्ट्यावर आला की थांबायचे. याचीही मर्यादा ४,००० बाथ.
- राँग साइड. 'पन्नास मीटर तर आहे' हा हिशोब इथे २,००० बाथपर्यंत जातो. पुढचा यू-टर्न एक किलोमीटरवर असला तरी तिथूनच.
- लेन. दुचाकी डाव्या लेनमध्येच. मोटरवे, एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे आणि बँकॉकमधल्या बऱ्याच उड्डाणपुलांवर आणि भुयारी मार्गांतही. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये मोटारसायकलचा पर्याय निवडला नाही तर ते सरळ पुलावर चढवते. एकदा चढलात की उतरायला जागा नाही आणि पायथ्याशी पोलीस.
- पार्किंग. कडेचा दगड लाल-पांढरा असेल तर पार्किंग नाही. पिवळा-पांढरा असेल तर थांबून उतरा-चढा एवढेच. काही रस्त्यांवर सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. पाटी फक्त थाईत. 'वान खू' म्हणजे सम, 'वान खी' म्हणजे विषम. स्थानिक गाड्या ज्या बाजूला रांगेने उभ्या आहेत त्या बाजूला लावा. पोलिसांनी चाकाला साखळी लावलीच तर ती ओढू नका. सोबतच्या कागदावर ठाण्याचे नाव असते, तिथे दंड भरा, ते येऊन सोडतात.

दारूबद्दल थोडक्यात. मर्यादा १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम, आपल्याकडे ३०. म्हणजे तिकडे जास्त सूट आहे असे वाटते. पण ज्याच्याकडे त्या वाहनाचा वैध परवाना नाही त्याला मर्यादा २० मिलिग्रॅमची आहे. 'ए'चा शिक्का नसलेला माणूस एका बिअरमध्ये गुन्हेगार ठरू शकतो. पहिल्याच वेळेला एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० ते २०,००० बाथ दंड, किंवा दोन्ही. फुंकायला नकार दिला तर दारू प्यायलाच होतात असे धरले जाते. नळी नवीन, पाकिटातून काढलेली मागा, तो तुमचा हक्क आहे.

टप्पा ६: नाका

थाईत नाक्याला 'दान' म्हणतात. चियांग माईत जुन्या शहराभोवतीच्या खंदकाच्या रस्त्यांवर, फुकेतमध्ये पातोंगकडे जाणाऱ्या वाटांवर तो ठरलेला आहे. चियांग माईहून 'पाय' या गावाला जाणाऱ्या १०९५ क्रमांकाच्या, ७६२ वळणांच्या रस्त्यावरही तपासणी होते.

दुरून शंकू आणि पोलीस दिसले की वळून मागे फिरू नका. गल्लीच्या तोंडाशी दुसरा पोलीस मोटारसायकलवर त्याचसाठी उभा असतो, आणि मग तपासणीची सुरुवातच संशयाने होते.

१. वेग कमी करा, डावा इंडिकेटर द्या, हात दाखवला त्या जागी उभे राहा. इंजिन बंद, किल्ली काढलेली, गाडी स्टँडवर.

२. काळा चष्मा काढा, हेल्मेटची काच वर करा. हेल्मेट मात्र सांगितल्याशिवाय काढू नका.

३. 'सवातदी खाप' म्हणा, बाई असाल तर 'सवातदी खा'. आवाज हळू. हसून बोललात तर बिघडत नाही, हुज्जत घातलीत तर नक्की बिघडते. थायलंडमध्ये चारचौघांत आवाज चढवणारा माणूस स्वतःची लाज काढतो, असे मानतात.

४. 'बाय खाप खी' म्हणजे लायसन्स. आयडीपी 'ए'च्या पानावर उघडून, त्यात मूळ लायसन्स ठेवून एकत्र द्या. बंद पुस्तिका दिली तर पोलीस पहिली भाषांतराची पाने चाळत बसतो. पासपोर्टची प्रत मागितल्यावरच.

५. सगळे बरोबर असेल तर एका मिनिटात हात हलवून सोडतात. कागद परत घेतल्याची खात्री करा आणि मगच किल्ली लावा.

*सोबतचा मित्र भांडायला लागला तर त्याला दहा पावले लांब उभा करा.* हा सल्ला हसण्यासारखा आहे, पण मराठी गटांत प्रकरण बहुधा तिथेच चिघळते.

टप्पा ७: दंड झाला तर

चूक असेल तर मान्य करा. दंडाच्या चिठ्ठीला 'बाय सांग' म्हणतात, पैशांच्या पावतीला 'बाय सेत'. हे दोन शब्द पाठ करा.

- चिठ्ठीवर ठाण्याचे नाव, कलम आणि रक्कम असते. दंड ठाण्यात, पोस्टात किंवा क्रुंगथाई बँकेत भरता येतो. शक्य तर त्याच दिवशी ठाण्यात भरा.
- काही नाक्यांवर टेबल टाकून अधिकारी बसलेला असतो. तो पैसे घेऊन लगेच पावती देतो. पावती मिळते म्हणजे व्यवहार रीतसर आहे.
- पावतीविना पैसे मागितले तर शांतपणे 'बाय सांग' मागा आणि ठाण्यात भरतो म्हणा. चेहऱ्यासमोर मोबाइल धरून चित्रीकरण करू नका. फारच अडले तर पर्यटक पोलीस, क्रमांक ११५५. इंग्रजीत बोलतात, दिवसरात्र.
- स्वतःहून पाकीट पुढे करू नका. पासपोर्टमध्ये घडी घातलेली नोट ठेवणे ही इथली युक्ती तिथे लाच देण्याचा गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत.
- पैसे देताना रागाने नोट फेकू नका, वाऱ्याने उडालेली नोट पायाने दाबू नका. प्रत्येक नोटेवर राजाचे चित्र आहे आणि राजाचा अवमान हा तिथला फार गंभीर गुन्हा आहे. ५०० बाथचा विषय कुठच्या कुठे जाऊ शकतो.

*तपासा:* लायसन्स नसल्याचा दंड भरला म्हणजे परवाना मिळाला, असा एक समज पर्यटकांत पसरलेला आहे. त्या पावतीवर पुढच्या नाक्यावर कदाचित सुटाल. विम्याच्या दृष्टीने तुम्ही तितकेच विनापरवाना आहात, आणि आता त्याचा लेखी पुरावाही तुमच्या खिशात आहे. गाडी दुकानात परत करा.

टप्पा ८: अपघात झाला तर, याच क्रमाने

१. जखमी असेल तर १६६९, रुग्णवाहिका. पोलीस १९१.

२. गाड्या हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो: दोन्ही प्लेट, टायरच्या खुणा, रस्त्याची स्थिती.

३. पळून जाऊ नका. साधा अपघातही त्यामुळे फौजदारी होतो.

४. जागेवर 'माझी चूक' असे लिहून देऊ नका, समोरच्याशी रोखीत मिटवू नका. ११५५ला फोन करून दुभाषा मागा.

५. ठाण्यातून नोंदीची प्रत घ्या. ती नसेल तर भारतातली विमा कंपनी दावा उघडतच नाही. रुग्णालयात भरती होताच त्या कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवा; बिल भरून मग कळवणाऱ्यांचे कॅशलेस हुकते.

टप्पा ९: गाडी परत करताना

उजेडात करा, दुकान बंद व्हायच्या घाईत नको. पेट्रोल घेतले तितके भरा, आधीच्या व्हिडिओत दाखवलेल्या जागा दुकानदारासमोर पुन्हा चित्रित करा, अनामत हातात मोजून घ्या आणि मग किल्ली द्या. जुन्या ओरखड्याचे पैसे मागितले तर पहिला व्हिडिओ दाखवा. तरी अडवले तर दुकानातूनच ११५५ लावा. कॅमेऱ्याने पकडलेल्या वेगाचे चलान गाडीमालकाच्या पत्त्यावर उशिराने येते. दुकानदार त्या नावाखाली पैसे कापत असेल तर चलानाचा कागद मागा आणि त्यावरची तारीख, वेळ तुमच्या भाड्याच्या दिवसांशी जुळते का ते पाहा. बौद्ध सनातून ५४३ वजा करून.